टाळापासून वीणेपर्यंत

वारकरी भजनात माणूस सहसा एका जागी राहत नाही. लहानपणी हातात टाळ येतो, हात बसला की पखवाज, गळा उघडला की चाल, आणि उतारवयात गळ्यात वीणा. सगळेच ही वाट पूर्ण चालतात असं नाही. कित्येक जण आयुष्यभर टाळच वाजवतात आणि दिंडीला सगळ्यात जास्त गरज त्यांचीच असते. आम्ही ज्या क्रमाने शिकलो आणि पुढच्यांना शिकवतो, त्याच क्रमाने इथे लिहितो आहोत. ही सगळी कारागिरी एकाच गोष्टीसाठी आहे: पाचपन्नास माणसांच्या तोंडचं नाम तुटू नये. एकट्याने सुरेल गाणं वेगळं आणि टाळकऱ्यांना घेऊन दोन तास उभं राहणं वेगळं.

टाळ वजनावर विकत मिळतात. काशाचा नाद लांबतो, पण हातातून फरशीवर पडला तर टाळ तडकतो. पितळेचा नाद आखूड, पण तो आपटा सोसतो. मुलांना पितळेची हलकी जोडीच द्यावी. घेताना दोन्ही टाळ दोरीला धरून कडेला कड हळूच लावायची आणि नाद विरेपर्यंत कान द्यायचा. मध्येच घरघर आली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, ती जोडी परत ठेवायची. दोरी सुती आणि घट्ट पिळाची असावी. नायलॉनची दोरी घामाने निसटते आणि तर्जनीला कापते. टाळाच्या भोकाची कड बोटाने तपासायची. धारदार लागली तर बारीक कानस फिरवून गोल करायची, नाहीतर तीच कड दोरी खाते आणि वारीत ऐन गर्दीत टाळ सुटून जातो.

नवखा टाळकरी टाळाची पूर्ण कड कडेवर आपटतो. मधली हवा कोंडते आणि ‘थप्प’ एवढंच ऐकू येतं. डावा टाळ स्थिर आणि उजवा किंचित तिरपा ठेवला, की कडेचा थोडा भागच लागतो आणि नाद सुटतो. हात चार बोटांपेक्षा वर उचलायचा नाही. जो खांद्यापासून हात आणतो त्याचं मनगट अर्ध्या तासात भरून येतं. ठेका भजनी, आठ मात्रांचा. पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर खुला ठोका बसला, की मग एक-तीन-पाच-सात, आणि लय चढल्यावर दर मात्रेला बंद-खुला. एवढं स्थिर व्हायला मुलाला एक चातुर्मास सहज लागतो. घाई करू नये, कारण टाळात राहिलेला कच्चेपणा पुढे पखवाजात दुपटीने दिसतो.

टाळकऱ्यांचा मोठा दोष म्हणजे लय पळवणं. प्रत्येक जण शेजारच्याचा ठोका ऐकून त्याच्याआधी पोचायला बघतो आणि दहा मिनिटांत सगळी फळी, म्हणजे टाळकऱ्यांची रांग, कुठल्या कुठे जाते. शब्द तुटायला लागतात, म्हाताऱ्यांना श्वास पुरत नाही. यावर एकच उपाय आम्हाला लागू पडलेला दिसला: शेजाऱ्याच्या टाळाकडे न बघता पखवाजीच्या डाव्या हाताकडे बघायचं. लय वाढवायचा अधिकार पखवाजीचा आणि चाल म्हणणाऱ्याचा, म्हणजे पुढे गाणाऱ्याचा. टाळकऱ्याने ती मागायची नाही.

पखवाजाकडे वळताना पहिली अडचण पैशाची नसून देखभालीची असते. खोड शिसवाचं, खैराचं, बाभळीचं किंवा फणसाचं, लांबी साधारण दोन ते अडीच फूट. उजवं तोंड लहान. त्यावर लोखंडाचा कीस आणि भात घोटून केलेली शाई कायमची बसवलेली असते. डावं तोंड मोठं, तो धुमा. त्यावर कायमची शाई नसते. दर वेळी वाजवायच्या आधी गव्हाची ओली कणिक लावायची आणि वाजवून झालं की काढायची. सगळा खर्ज, म्हणजे खालचा सूर, या कणकेवर अवलंबून आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर.

कणिक पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळायची. मीठ-तेल घालायचं नाही. तेलाने ती पुडीला, म्हणजे तोंडावरच्या चामड्याला, धरत नाही आणि चामडं तेल पितं ते वेगळंच. मध्यम लिंबाएवढा गोळा आधी पुरे होतो, कमी वाटला तर वाढवता येतो. धुम्याचा मध्य ओल्या बोटांनी पुसायचा, गोळा मधोमध ठेवून अंगठ्याने बाहेरच्या बाजूला पसरायचा: मध्याला जाड, कडेला पातळ होत गेलेला. कड पुडीवरून उचललेली राहिली तर प्रत्येक थापेला ‘फर्र’ होतं. मग वाजवून बघायचं. आवाज वर आणि पत्र्यासारखा आला तर कणिक कमी आहे. ‘धप्प’ होऊन तिथेच मेला तर जास्त आहे. चिमूट चिमूट काढत किंवा लावत धुमा उजव्या तोंडाच्या षड्जाच्या एक सप्तक खाली आला, की थांबायचं. मंडपात पंखा सुरू असेल किंवा ऊन असेल तर कणिक सुकत जाते, हलकी होते आणि धुमा हळूहळू चढतो. म्हणून पखवाजीच्या शेजारी पाण्याचं भांडं असतं. ओली बोटं कणकेवरून फिरवली की ती पुन्हा खाली येते. कीर्तन संपल्यावर चहा घ्यायच्या आधी कणिक काढावी. रात्रभर राहिली तर ती वाळून पुडीला ओढते, काढताना चामड्याची साल निघते, आणि उंदीर येतात ते पुडीसकट कुरतडतात. काढताना नख किंवा सुरी लावायची नाही. ओल्या फडक्याने भिजवून अंगठ्याने सोडवायची आणि पुडी वाऱ्यावर कोरडी करून मगच गवसणी घालायची.

उजव्या तोंडाचा सूर हातोडीने लागतो. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या चामडी वेढ्यावर, वरून ठोकलं की चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. फरक मोठा असेल तर वादीखालचे (वादी म्हणजे पुड्या ताणून धरणारी चामड्याची पट्टी) लाकडी गठ्ठे धुम्याकडे सरकवायचे, म्हणजे ताण वाढतो. गजऱ्याची सगळी घरं फिरून एकाच सुरात आणायची. एकाच घरावर ठोकत राहिलं तर सूर लागल्यासारखा वाटतो, पण पहिल्या जोरकस ‘ता’ला परत ढळतो. ज्येष्ठ-आषाढात दमट हवेने चामडं ढिलं पडतं आणि सूर उतरतो. तेव्हा काही जण पखवाज चुलीजवळ किंवा मोठ्या बल्बखाली धरतात. सूर झटकन चढतो हे खरं, पण शाई तडकते आणि तिचे कण उडायला लागतात. सावलीत, कोरड्या कापडात गुंडाळून तास-दोन तास ठेवणं बरं. भर पावसात दिंडीत वाजवायचं तर वरून प्लास्टिक घ्यायचं आणि सूर थोडा खाली जाणार हे धरूनच चालायचं.

बोलांची सुरुवात ‘धा धा तिट, धा धा दिंता’ इथून. हा बोल बरोबरीत, दुगुनीत, चौगुनीत स्वच्छ निघेपर्यंत पुढचं मागायचं नाही. भजनी ठेक्यासोबत चौताल हातात असावा, कारण त्या बारा मात्रांनी हाताला वजन येतं. महाराष्ट्रातल्या पखवाजावर इंदूर दरबारच्या नानासाहेब पानसे यांच्या घराण्याचा मोठा प्रभाव आहे आणि वारकरी पखवाजातही त्या बाजाचे बोल सर्रास ऐकू येतात. तरीही सप्ताहात बसल्यावर पखवाजीचं मुख्य काम शब्दाला जागा देणं हेच. अभंगाचा चरण सुरू असताना ठेका साधा, चरण संपून ध्रुपद (पुन्हा पुन्हा म्हटलं जाणारं कडवं) परत यायच्या आधीच्या मोकळ्या जागेत काय ते बोल. अलीकडे ध्वनिक्षेपक मोठे झाल्यापासून तरुण पखवाजी शब्दावरच लग्गी, म्हणजे जलद बोल, लावतात. श्रोते टाळ्या देतात, पण चाल म्हणणाऱ्याचा शब्द बुडतो. आम्हाला ते पटत नाही, आणि शिकवताना आम्ही तसं स्पष्ट सांगतो.

ती मोकळी जागा कुठून येते, ते अभंगाच्या बांधणीत आहे. मोठ्या अभंगाला चार चरण: पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ हे तुकोबांचं कडवं बोटांवर मोजून बघावं. साध्या चालीत एका चरणाला आठ मात्रांचं एक आवर्तन दिलं, तर पहिल्या तीन आवर्तनांत सहा अक्षरं बसून दोन दोन मात्रा उरतात. त्या शेवटच्या अक्षरावर ओढायच्या. चौथ्या आवर्तनात चार अक्षरांनंतर चार मात्रा मोकळ्या सापडतात. चाल म्हणणारा तिथे श्वास घेतो, पखवाजी तिथे उठाण (ठेका नव्याने उचलणारे बोल) घेतो, आणि मागची फळी तिथून शब्द उचलते. नवीन चाल बसवताना जो या चार मात्रा तानांनी भरून टाकतो, त्याची चाल ऐकायला गोड लागली तरी फळीला उचलता येत नाही. चार दिवस म्हणतात आणि सोडून देतात.

चाली रागांवरच असतात: यमन, भूप, केदार, मालकंस, भीमपलास, पहाटेला भैरव, रामकली, शेवटी भैरवी. पण राग शुद्ध राखण्यापेक्षा चाल पन्नास जणांच्या गळ्यात बसणं महत्त्वाचं. ध्रुपद म्हणजे दुसरं कडवं, गाथेत ज्यापुढे ‘ध्रु.’ छापलेलं असतं ते. ते पहिल्या फेरीतच सगळ्यांच्या तोंडी यायला हवं, म्हणून त्याची झेप फार उंच नको. वासकर, देहूकर अशा फडांच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटांच्या, आपापल्या चाली आणि अभंगांचा आपापला क्रम आहे. दुसऱ्या फडात गेल्यावर आपली चाल पुढे करायची नाही, त्यांच्या चालीत मागे उभं राहायचं. हे शिष्टाचार कुठे लिहिलेले नाहीत, पण ते मोडलेले सगळ्यांच्या लक्षात येतात.

पट्टीचा प्रश्न प्रत्येकाला कधी ना कधी गाठतो. वारकरी गायन उंच पट्टीत चालतं, पुरुषसुद्धा काळी चार, काळी पाचला (पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) गातात. उघड्यावर, ध्वनिक्षेपकाशिवाय, टाळांच्या गजरावरून शब्द पोचवायचा तर खालचा आवाज पुरत नाही. याचा एक चांगला परिणाम असा, की बायकांना त्याच पट्टीत सहज गाता येतं. पखवाजही त्यामुळे लहान तोंडाचा लागतो. मोठं तोंड त्या पट्टीपर्यंत ताणायला गेलं की पुडी फाटते. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचा आवाज फुटतो. त्या काळात त्यांना वरच्या सुरात ओढायचं नाही, टाळ-पखवाजावर ठेवायचं आणि सकाळी खर्ज लावून घ्यायचा. गळा बसला तरी ओरडून निभावणारे पंचविशीत कायमचे घोगरे होतात. याउलट साठीनंतर पट्टी दोन-तीन सुरांनी उतरते. तेव्हा अग्रभागी उभं राहण्याचा हट्ट सोडून मागच्या फळीत खालच्या सप्तकात म्हणायचं. त्या खालच्या आवाजाने सगळ्यांच्या गाण्याला बूड मिळतं.

गळ्याची खरी परीक्षा सप्ताहात होते. पहाटे चार ते सहा काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन आणि पुढे हरिजागर. ही आठवडाभराची मांडणी गावोगाव थोड्याफार फरकाने तीच. नवखा माणूस पहिल्या रात्री कीर्तनात सगळा गळा खर्च करतो आणि तिसऱ्या पहाटे काकड्याला त्याला सूर सापडत नाही. काकड्याला भूपाळ्या, वासुदेव, आंधळे, पांगुळ असे प्रकार असतात. त्यांची लय मुळात संथ. आवाज तापवायला ती उत्तम आहे, म्हणून काकडा चुकवून थेट रात्री गाणाऱ्याचा गळा लवकर जातो. हरिपाठाचे सत्तावीस अभंग आणि प्रत्येकानंतर ‘हरि मुखे म्हणा’ हे ध्रुपद. बसून म्हटला तर पाऊण तासाच्या आत होतो, पावली खेळत, म्हणजे पावलं पुढे-मागे टाकत, म्हटला तर तासाच्या पुढे जातो. पावली खेळताना श्वास पायांशी बांधायचा: पाऊल पुढे टाकताना शब्द, मागे येताना श्वास. उलट केलं की पाचव्या-सहाव्या अभंगाला धाप लागते.

कीर्तनात टाळकऱ्यांची रांग कीर्तनकाराच्या मागे आणि दोन्ही बाजूंना. कीर्तनकार निरूपणात असताना टाळ छातीशी धरून पूर्ण शांत ठेवायचे. तो ध्रुपदाच्या पहिल्या शब्दावर आला की फळीने दुसऱ्या शब्दाला उचलायचं. इथे अर्धी मात्रा उशीर झाला तर त्याची सगळी उभारणी खाली बसते. म्हणून टाळकऱ्याला गाथा पाठ हवी. प्रमाणाचा, म्हणजे निरूपणाला आधार म्हणून घेतलेला, अभंग अर्धा सुटला की तो पुढे म्हणणारा मागे कुणीतरी असावाच लागतो. आळंदीला विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं पाठांतराला एवढं महत्त्व देतात, ते याच कारणाने. गळा साधारण असला तरी चालतो, पाठ नसेल तर फळीत उभं राहता येत नाही.

वारीतलं वादन बसून शिकलेल्यापेक्षा निराळं. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. दिंडीत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या दोन बाजू, मध्ये पखवाज, मागे विणेकरी आणि त्यामागे तुळस नि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. पखवाज मध्ये का, याचं साधं कारण आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. फळी पस्तीस मीटर लांबली तर एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोचतो, आणि चढत्या लयीत एवढ्याने ताल फुटतो. पखवाज मधोमध असला की हा उशीर दोन्हीकडे निम्मा होतो. त्यावरही फळी लांबली तर कानावर विसंबायचं नाही, पुढच्याच्या हातावर नजर ठेवायची. दिवेघाटासारख्या चढाला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने म्हणायचं: एक बाजू चरण म्हणते तेव्हा दुसरी श्वास घेते. चढावर लांब चाल धरायची नाही, ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ हा गजर पुरतो. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. रिंगणानंतर उडीच्या वेळी सगळ्या दिंड्यांचे टाळ-पखवाज एकत्र येतात तेव्हा कुणाचंच वेगळं काही ऐकू येत नाही. तिथे बोल वाजवायच्या फंदात न पडता सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, तेवढी धरायची.

मुक्कामी समाज आरतीला सगळ्या दिंड्या जमतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदाराने दंड वर केला की सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढीच दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतो आणि मग ते टाळही थांबतात. मुलांना लयीचा संयम शिकवायला याहून चांगली जागा आम्हाला सापडलेली नाही. दंडाकडे नजर नसलेल्या मुलाचा एकच ठोका मागे राहतो आणि तो सगळ्या तळावर ऐकू जातो.

शेवटी वीणा. तिच्यावर धून वाजवायची नसते, तारा छेडून षड्ज-पंचमाचा आधार द्यायचा असतो. म्हणून ती सोपी आहे असा समज होतो. दिंडीत विणेकऱ्याच्या खुणेवर अभंग सुरू होतो आणि थांबतो. त्याला क्रम, प्रसंगाचा अभंग आणि माणसं तिन्ही ठाऊक लागतात. तारा गंजल्या की नाद बसतो, म्हणून वाजवून झालं की कोरड्या फडक्याने घाम पुसायचा. भोपळा पोकळ आणि नाजूक. गर्दीत चालताना तो पोटाशी घ्यायचा, बाहेरच्या बाजूला कधीच नाही. पट्टा रुंद कापडाचा असावा, अरुंद दोरीने मानेची शीर धरते आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नाही.

सप्ताहात वीणा सातही दिवस जमिनीवर टेकत नाही. पहारा दोन दोन तासांचा, म्हणजे दिवसाला बारा आणि सप्ताहाला चौऱ्याऐंशी पहारे. यादी आधी फळ्यावर लिहून लावायची, प्रत्येक पहाऱ्याला एक राखीव माणूस धरायचा. येणारा वीणेच्या पाया पडतो, उभ्या उभ्याच पट्टा आपल्या गळ्यात घेतो, आणि दोघांच्या तोंडी ‘जय जय राम कृष्ण हरी’ चालूच राहतं. नाम म्हणायचं नवीन माणसाने सुरू केल्यावरच जुन्याने थांबायचं, हातातली तार सोडायची तीही त्यानंतर. रात्री बारा ते चारचे दोन पहारे सगळ्यात अवघड. डोळा लागतो, तार गप्प होते. ते तरुणांना द्यावेत, दोघांना जोडीने, एक वीणेला आणि एक टाळाला. म्हाताऱ्या माणसांना काकड्याचा पहारा द्यावा. त्यांना तसंही तीनला जाग येते, आणि भूपाळ्या त्यांच्याइतक्या कुणाला पाठ नसतात.